जटपुरा दरवाजा बंद करणारे सर

संघपाल सर उद्याच्या बैठकीत खोटं बोलणार आहेत आणि त्यांना ते अजिबात जमत नाही, ही काळजी माझ्या डोक्यातून जात नाही. पोळ्या लाटताना होती, भांडी आवरताना होती, आता घरातली दोघं झोपली तरी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आहे. तशी मला काळजी करायला कारण लागत नाही. माझी मुलगी साक्षी नववीत आहे. ती शाळेतून सायकलवर घरी येईपर्यंत मी तिला मनातल्या मनात दवाखान्यात भरती करून परत आणलेली असते. पण ही काळजी तशी नाही. सर जे खोटं बोलणार आहेत, ते साक्षीसाठी.

संघपाल निमगडे चंद्रपूरच्या एका खासगी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवतात. शाळेच्या भाषेत ते शिक्षक नाहीत, 'तासिका तत्त्वावर' आहेत. म्हणजे दर एप्रिलमध्ये त्यांची सेवा संपते आणि दर जूनमध्ये नव्याने सुरू होते. कायम झालेले शिक्षक निवृत्त होऊन गेले, पण सर अजून नवीनच आहेत. निरोप समारंभाची भाषणं त्यांच्याकडून लिहून घेतात. वार्षिक अंकाचं संपादकीय त्यांच्याकडून लिहून घेतात. खाली नाव संस्थेच्या सचिवांचं, प्रफुल्लभाऊंचं असतं. सरांना त्याचं काही वाटत नाही. दुसऱ्याच्या तोंडी वाक्यं घालायची सवय त्यांना लहानपणापासून आहे.

त्यांचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, वडशाजवळ. तिकडे धान कापून झाला की गावोगाव मंडई भरते. दिवसा बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. नाटक म्हणजे दोन तासांचं नव्हे. पहाटे कोंबडा आरवेपर्यंत. सरांचे वडील सुकलू निमगडे एका नाटक कंपनीत पडदा ओढायचे. आयुष्यभर ते दोरी धरून विंगेत उभे राहिले. सर कॉलेजात असताना एकदा कंपनीचा नट आजारी पडला आणि यांना उभं केलं. भूमिका आईला घराबाहेर काढणाऱ्या मुलाची. आई समोरच बसलेली, सतरंजीवर, नवं लुगडं नेसून. नाटक गाजलं. सकाळी घरी आले तर आईने चहा दिला नाही.

"माय, ते नाटक होतं ना वो," सर म्हणाले.

"मले समजते नाटक. पण तुह्या तोंडून ते इतकं बरोबर निघालं कसं?"

सर ही गोष्ट दरवर्षी पालकसभेत सांगतात. पुढे म्हणतात, "माणूस दुसऱ्याच्या तोंडानं बोलला की पोटातलं बाहेर येते. उत्तरपत्रिकेत नाई येत." पालक टाळ्या वाजवतात आणि विचारतात, हे परीक्षेत किती मार्कांला आहे.

वर्गातला हा दुसऱ्याच्या तोंडानं बोलायचा खेळ सुरू झाला तो कोरोनाच्या काळात. शाळा फोनवर आली होती. सर इतिहास शिकवायचे आणि समोर नुसते काळे चौकोन. एखाद्या चौकोनातून कुकरची शिट्टी, एखाद्यातून कोणाचे तरी आजोबा, "हा मास्तर कोणाले बोलून राह्यला?" शेवटी सरांनी व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप काढला, 'चांदा, जुने दिवस'. चांदा हे चंद्रपूरचं जुनं नाव. आपल्या शहराला परकोट, म्हणजे भोवती तट होता, चारी बाजूंनी दरवाजे होते. ते अजून आहेत आणि आपण रोज त्यांच्यातून हॉर्न वाजवत जातो. तर त्या परकोटाच्या आतलं गाव आपण चालवायचं. प्रत्येक मुलाने एक माणूस व्हायचं. त्या माणसाच्या भाषेत लिहायचं, त्याच्या अडचणी मांडायच्या, इतरांशी भांडायचं. ग्रुपवर स्वतःचं नाव घ्यायचं नाही. प्रत्येक मजकुराच्या वर मात्र 'इतिहासाचा तास' अशी ओळ टाकायची. कोरोना गेला, खेळ राहिला. दरवर्षीच्या नववीला नवं गाव.

कोण काय होणार, हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. चिठ्ठ्यांमध्ये राजा नसतो. "राजा शिकारीले गेला आहे," सर सांगतात. "तो येईपर्यंत तुम्हीच चालवा." याच्यावर पालकसभेत मोठा गदारोळ झाला. एका आईने मुलगी राणी होईल म्हणून आधीच नथ घेऊन ठेवली होती. फोनवर लिहायच्या खेळात नथ कुठे घालणार, हे तिला कोणी विचारलं नाही. अश्विन म्हणजे प्रफुल्लभाऊंचा भाचा. त्याला परकोटाच्या बांधकामावर चुना भिजवणाऱ्याची चिठ्ठी आली. त्याची आई उभी राहिली.

"सर, आमच्या घरी कोणी चुना भिजवला नाही कधी."

"म्हणूनच त्याले आला, बाई. ज्याच्या घरी भिजवला, त्याले काय नवीन आहे?"

माझ्या शेजारी बसलेल्या खातूनबाई तोंडावर पदर घेऊन हसल्या. त्या ब्लाउज शिवतात आणि त्यांचा जिशान साक्षीच्या वर्गात आहे. त्याला हत्तीच्या माहुताची चिठ्ठी आली होती. साक्षीला आली जटपुरा दरवाजाच्या दारवानाची. मला वाटलं, बरं झालं, उभं राहायचं काम आहे, धोका नाही.

मी विसरले की साक्षीचा फोन म्हणजे माझा फोन. आमच्याकडे नववीच्या मुलांकडे स्वतःचा फोन असतो तो फक्त चुना न भिजवणाऱ्या घरांत. बाकी सगळे आईबापांचे. त्यामुळे सरांनी मुलांसाठी वसवलेल्या गावात आईबापच जास्त राहायला लागले. मी पतसंस्थेच्या काउंटरवर बसते. एका खातेदाराला पासबुक देत होते आणि फोन वाजला, 'दारवान, दार उघड. हत्तीले झरपट नदीवर पाणी दाखवायचं आहे.' मी दुर्लक्ष केलं. अर्ध्या तासाने पुन्हा, 'दारवान झोपला काय?' संध्याकाळी खातूनबाई दारात.

"बाई, सांगा ना तुमच्या पोरीले. जिशानचा हत्ती सकाळपासून तहानला आहे. पोरगं जेवून नाई राह्यलं."

"अहो, ती क्लासला गेली आहे."

"मग तुम्हीच उघडा. तुमच्याच फोनवर आहे दार."

मी उघडलं. काय करणार? हत्तीची काळजी मला वाटायला लागली होती.

इतरांकडे याहून पुढची मजल गेली. जकातीच्या कारकुनाची चिठ्ठी ज्या मुलाला आली होती, त्याचे वडील खरोखरच्या सरकारी कचेरीत आहेत. मुलगा झोपला की ते लिहायचे. विणकरांनी जकात कमी करायचा अर्ज केला, तर यांनी त्रुटी काढल्या. त्रुटी दुरुस्त केल्या, तर साहेब दौऱ्यावर. मुलं रडकुंडीला आली. सरांनी दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलं, "हाच इतिहास. पुस्तकात लिहिलं नाई म्हणून तुमाले माहीत नव्हता." माझे मिस्टर, राजदीप, वीज केंद्रात पाळीवर जातात. ते म्हणाले, "हा माणूस येडा आहे." मग रात्रपाळीला जाताना माझ्याच फोनवर बघून गेले, विणकरांचं काय झालं.

आणि मुलं लिहायला लागली, हे मला सांगितलंच पाहिजे. आमच्या वेळी आम्ही फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त लिहायचो. सगळ्या वर्गाच्या छत्र्या सारख्याच फाटायच्या. साक्षीचा दारवान मात्र पाय दुखतात म्हणून एका पायावर भार देऊन उभा राहायचा. आतल्या माणसाला बाहेरचं कळत नाही आणि बाहेरच्याला आतलं, आणि आपल्याला दोन्ही कळूनही आपल्याला कोणी विचारत नाही, असं त्याने एकदा लिहिलं. मी ते काउंटरवर वाचलं. खातेदार थांबून होता, तो म्हणाला, "बाई, सर्व्हर डाऊन आहे काय?"

मग सरांनी गावावर शत्रू आणला. दरवर्षी आणतात, तो पाठ्यक्रमात असतो. फौज नदीपलीकडे उतरली आहे. आता तुम्ही काय कराल ते लिहा. रविवारची दुपार होती. साक्षीने पाटावर बसावं तशी बैठक मारली आणि दवंडी लिहिली. वर 'इतिहासाचा तास', आणि खाली:

'ऐका हो ऐका. फौज नदीपलीकडे उतरली आहे. आज दिवस मावळल्यावर जटपुरा दरवाजा बंद होईल. पठाणपुरा दरवाजा लेकुरवाळ्या बायांसाठी अर्धा उघडा ठेवू. ज्याने त्याने घरात धान्य आणि पाणी भरून ठेवावं. दरवाज्याजवळ गर्दी करू नये. म्हातारं माणूस बाहेर राहिलं असेल तर दारवानाला नाव सांगून ठेवावं.'

सरांनी खाली लिहिलं, 'वा.' ते सहसा लिहीत नाहीत.

संध्याकाळपर्यंत ही दवंडी शहरभर झाली. वरची ओळ गेली होती, 'ऐका हो ऐका' गेलं होतं, आणि त्या जागी आलं होतं, 'जनहितार्थ. कृपया सर्व ग्रुपवर पाठवा.'

दुसऱ्या कुठल्या गावात यावर कोणी विश्वास ठेवला नसता. नागपुरात कोणाला सांगा, दरवाजा बंद होणार आहे. तो विचारेल, कोणता दरवाजा? आमच्याकडे दरवाजा आहे, त्यातून रोजची वाट आहे, आणि तिथे रोज गाड्या अडकतात. तो बंद होणार म्हटल्यावर कोणाला खोटं वाटेल? उलट लोक म्हणाले, एवढ्या दिवसांनी महापालिकेने काहीतरी ठरवलं. ऑटोवाल्यांनी बिनबा दरवाज्याकडून वळसा घालायला सुरुवात केली. दुकानांतले कणकीचे कट्टे संपले. एक नवरदेव बँडसकट परत फिरवला. मुख्य म्हणजे एका वाहतूक हवालदारालाच त्याच्या बायकोने हा मजकूर पाठवला, आणि त्याने शिस्तीत आडवे बांबू लावले. बांबू लागल्यावर तर कोणालाच शंका राहिली नाही.

शत्रू कोण, हे मात्र कोणी विचारलं नाही. प्रत्येकाने आपापला धरला. आमच्या कॉलनीत म्हणाले, वीज केंद्राकडून वाघ आत शिरला. बाजारात म्हणाले, मंत्री येऊन राह्यले. राजुऱ्याहून माझ्या बहिणीचा फोन आला, "तुमच्याकडे काय होऊन राह्यलं? फौज उतरली म्हणते." मी साक्षीकडे बघितलं. ती खिडकीतून खाली आडव्या-तिडव्या लागलेल्या ऑटोंकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, हे मला फार वाईट लक्षण वाटलं.

रात्री आठपर्यंत शाळेकडून खुलासा झाला, बांबू निघाले. दुसऱ्या दिवशी पोलिसांकडून एक साहेब शाळेत आले. मुख्याध्यापिकांनी मला नंतर सांगितलं, त्यांनी पहिला प्रश्न केला, "हा दारवान कोण? त्याचा पत्ता द्या." सगळं कळल्यावर ते पोट धरून हसले, चहा घेतला आणि जाताना म्हणाले, शाळेने काय कारवाई केली तेवढं कळवा. ते विसरलेही असतील. प्रफुल्लभाऊ विसरले नाहीत. त्यांनी तीन जणांची चौकशी समिती नेमली, अध्यक्ष स्वतः.

आता मला जे माहीत आहे, ते सगळ्या शहराला माहीत आहे. प्रफुल्लभाऊंना महापालिकेची निवडणूक लढवायची आहे. त्यांचा 'आपला प्रभाग, आपला भाऊ' नावाचा ग्रुप आहे. कोणाच्या घरी पाळणा हलला, कुठे पाणी येणार नाही, सगळं आधी भाऊंकडून कळलं पाहिजे, असा त्यांचा नेम आहे. अश्विनच्या फोनवर त्यांनी ती दवंडी पाहिली असणार. ग्रुपवर ती त्यांच्याच नंबरवरून आली, हात जोडलेल्या फोटोसकट. खाली लोकांनी अंगठे दाखवले, त्यात एक राजदीपचा आहे. समितीतले उरलेले दोघंही त्या ग्रुपमध्ये आहेत. ते आता चौकशी करून राह्यले की अफवा पसरवली कोणी.

पहिल्याच दिवशी समितीने सरांना विचारलं, हा मजकूर कोणत्या विद्यार्थ्याचा? नाव द्या. सर म्हणाले, "मजकूर माझा आहे." तिथे थांबायला पाहिजे होतं. पुढे म्हणाले, "आणि चांगला आहे." समितीने ते उद्धटपणा म्हणून लिहून घेतलं.

मुख्याध्यापिकांनी मला हे सांगितलं तेव्हा मला एकदम हलकं वाटलं, ते मी लपवत नाही. साक्षीचं नाव कुठे नाही. घरी येऊन तिला सांगितलं, तर तिने दप्तर आपटलं.

"ते माझं आहे. सरांनी काऊन स्वतःच्या नावावर केलं?"

"तुला वाचवायला, बाई."

"मले कोणी विचारलं का? वर्षभर सांगतात, ज्याचं श्रेय त्याले द्यावं. आणि माझं चांगलं झालं तेव्हाच…"

राजदीप म्हणाले, "शांत राहा दोघी. पुढचं वर्ष दहावीचं आहे. भाऊंशी वाकडं घेऊन कुठी जाणार?" ते चुकीचं बोलत नव्हते. उद्या समितीने सरांना काढलं, की जूनमध्ये ते परत येणार नाहीत. त्यांची जागा भरायला माणूस तयार आहे म्हणतात. संस्थेत असा माणूस नेहमी तयार असतो.

आज संध्याकाळी मी सरांकडे गेले. बाबूपेठेत त्यांची एक खोली आहे, पुस्तकं आणि गॅसची शेगडी शेजारी शेजारी. दार उघडंच होतं. सर भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हणत होते, "सदर मजकूर मी, स्वतःच्या मनाने, कोणत्याही विद्यार्थ्याच्या मदतीशिवाय लिहिला!" हात वर गेलेला. शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा असा आवाज. मी खोकले.

"या बाई, बसा. पाठ करून राह्यलो."

"सर, तुम्ही असं काऊन करून राह्यले?"

ते शेगडीवर चहा ठेवायला लागले. "माझा बाप पडदा ओढायचा. एखादं पोरगं पहिल्यांदा उभं राहायचं, घाबरून वाक्य विसरायचं. लोक हुर्यो करायचे. बाप पडदा सोडून द्याचा आणि ओरडून सांगायचा, दोरी माह्या हातून सुटली. मग लोक बापाले शिव्या देत. पोराले नाई."

"पण साक्षी वाक्य विसरली नाही, सर."

"हो ना." त्यांचा चेहरा उजळला. "अर्धं दार लेकुरवाळ्यांसाठी! बाई, मले जन्मात नसतं सुचलं. आणि ते म्हाताऱ्यांचं नाव सांगून ठेवा, ते…" बोलता बोलता चहा उतू गेला.

तेव्हा मला कळलं, उद्या काय होणार. नाटकात ते कोणीही होतील, पण बैठकीत संघपाल निमगडेच असतील. समितीचा एखादा माणूस म्हणेल, काय हे भिकार लिहिलंय. आणि सर गप्प बसू शकणार नाहीत. त्या दवंडीची बाजू ते दुसऱ्याची असल्यासारखी मांडतील. मग सगळ्यांना कळेल ती कोणाची. सर खोटारडे ठरून जातील, साक्षीचं नाव तरीही निघेल, आणि वरची ओळ कोणी पुसली हे कोणीही विचारणार नाही.

"तुम्हाला विचारलं, की हे का लिहिलं, तर काय सांगाल?" मी म्हणाले.

सरांनी कप खाली ठेवला. "ते पाठ व्हायचं राह्यलं आहे."

जेवताना मी साक्षीला विचारलं, तुझं नाव सांगितलं तर चालेल का? पोलीस, शाळा, भाऊ, सगळं तिच्यापुढे मांडलं. ती भात कालवत म्हणाली, "सांग. पण अख्खं वाच. वरच्या ओळीसकट." राजदीपनी फोन काढून प्रभागाच्या ग्रुपवरचा स्वतःचा अंगठा काढून घेतला. ते एवढंच करतील, आणि त्यांच्यासाठी ते पुष्कळ आहे.

मला भीती वाटते आहे. उद्या शाळेच्या फाटकात लोक माझ्याकडे कसे बघतील, दहावीच्या वर्गात साक्षीला कुठे बसवतील, पतसंस्थेत कोणाचा फोन येईल, हे सगळं मी मनातल्या मनात दोनदा पाहून आले. पण सरांना बैठकीत उभं राहिलेलंही पाहून आले. ते मला पुन्हा पाहायचं नाही.

बैठकीत पालकांना बोलावत नाहीत. म्हणून मला आधीच बोललं पाहिजे, ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशीच. मी म्हणेन, दवंडी साक्षीची आहे. तिने 'इतिहासाचा तास' लिहून पाठवली, आणि तुमच्या नंबरवरून निघाली तेव्हा ती ओळ नव्हती. एवढं तुम्ही उद्या तुमच्या समितीला सांगा, नाहीतर साक्षी आणि मी दारात येऊन सांगू. तीन वाक्यं आहेत. आवाज कापला तरी चालेल.

बारा वाजत आले आहेत. आमच्या चौकात प्रफुल्लभाऊंचं मोठं पोस्टर लागलं आहे, 'रात्री-बेरात्री, कधीही हाक मारा', आणि खाली नंबर. मी खिडकीतून तो नंबर बघून फोनमध्ये टाकते आहे.